चॉकलेटचा वरवंटा

धाकट्या बहिणीला फेब्रुवारीत मुलगी झाली आणि बारसं सव्वा महिन्याने करायचं ठरलं, म्हणजे ऐन मार्चच्या शेवटी, पुण्यात, दुपारी पारा ३६ च्या वर जायच्या दिवसांत. अशा हवेत चॉकलेटचं काहीतरी मोठं करायचं डोक्यात घेणाऱ्या बाईला काय म्हणतात ते आईने मला तोंडावर सांगितलं, इथे लिहीत नाही.

पण मला केक नको होता. हल्ली बारशाला पाळण्याच्या आकाराचा, गुलाबी, वर साखरेचं बाळ झोपवलेला केक येतो आणि ते साखरेचं बाळ कापायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बघतात. मी गेली पाच वर्षं घरी चॉकलेटं करते, हौस म्हणून, दिवाळीत थोडे पैसेही मिळतात, तर मला वाटलं मावशी म्हणून आपण काहीतरी आपल्या हाताचं करावं. आणि बारशात मला लहानपणापासून सगळ्यात जास्त काय आवडतं तर वरवंटा. ज्यांनी बारसं जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, बाळाला पाळण्यात घालायच्या आधी स्वयंपाकघरातला दगडी वरवंटा आणतात, त्याला झबलं-टोपडं घालतात आणि बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करत त्याला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. आधी दगड, मग बाळ. लहानपणी मला त्या टोपडं घातलेल्या काळ्या दगडाला बघून इतकं हसू यायचं की मला एकदा बाहेर काढलं होतं.

तर ठरलं, चॉकलेटचा वरवंटा. साधा लंबगोल नाही, आमचाच. आजीचा.

आईकडे तो अजून आहे, सिंकखाली, फिनेलच्या बाटलीमागे. पाटा कुठेतरी घर बदलताना राहिला पण वरवंटा आला, कारण आईचं म्हणणं की मिक्सर बंद पडला तर. गेली पंचवीस वर्षं मिक्सर बंद पडलेला नाही, वरवंट्याने फक्त नारळ आणि गुळाची ढेप फुटते आणि कधीमधी दाराला टेकण म्हणून लागतो. मी तो घरी आणला, घासला, तीन दिवस उन्हात वाळवला तरी नाक लावलं की लसणीचा वास. दगड वरून कितीही गुळगुळीत वाटला तरी त्याला बारीक भोकं असतात आणि आमच्या घरातल्या किमान साठ वर्षांच्या चटण्या त्यात मुरलेल्या. बरं, हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सगळा सह्याद्रीच त्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यापुढे साठ वर्षांची लसूण म्हणजे काहीच नाही म्हणा.

आणि इथे एक गोष्ट, जी मला चॉकलेटच्या नादात आधीच कळली होती पण वरवंटा हातात घेतल्यावर नीट पटली. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले लोक कोको भाजून, सोलून ज्यावर वाटायचे, अजूनही काही ठिकाणी वाटतात, ती वस्तू म्हणजे पाटा-वरवंटाच आहे. त्याला तिकडे मेटाटे म्हणतात, बहुतेक तीन पायांचा उतरता दगड, आणि वरून दोन हातांनी फिरवायचा लांबट दगड त्याला मानो, स्पॅनिशमध्ये मानो म्हणजे हात. मेटाटेही बऱ्याचदा बेसाल्टचाच. वाटताना खाली थोडा विस्तव ठेवायचे म्हणजे कोकोतलं बटर सुटून लगदा पातळ व्हायचा. फोटोत गुडघ्यावर बसून ओणवी होऊन वाटणारी बाई बघितली की चेहरा सोडून सगळं ओळखीचं, खांदे तेच, ढोपरं तीच. पुढे युरोपात यंत्रं आली, १८७९ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोडॉल्फ लिंटने तासन्‌तास चॉकलेट घुसळायचं यंत्र काढलं तेव्हा कुठे ते जिभेवर रेती न लागता विरघळायला लागलं. आणि गंमत म्हणजे या शतकात अमेरिकेत छोट्या प्रमाणावर बियांपासून चॉकलेट करणारे लोक निघाले तेव्हा त्यांना परवडणारं यंत्र सापडलं ते आपल्याकडचं इडलीच्या पिठाचं टेबलावरचं वेट ग्राइंडर. खाली दगड, वर दगड. फिरून फिरून पाटा-वरवंटाच. त्यामुळे चॉकलेटचा वरवंटा ही माझी विचित्र कल्पना आहे असं जे घरात सगळे म्हणत होते त्यांना मी हे सगळं ऐकवलं, कोणी ऐकलं नाही.

आता साचा. बाजारात मोदकाचे, गणपतीचे, हार्टचे, टेडीचे सगळे साचे मिळतात, वरवंट्याचा मिळत नाही. पहिल्यांदा मी स्वस्तातला मार्ग धरला, चायना ग्रास घट्ट शिजवून त्यात वरवंटा बुडवला, थंड झाल्यावर कापून काढला. साचा सुंदर आला, हलव्यासारखा थरथरणारा. पण तो पाण्याचाच असतो ना, आणि चॉकलेटला पाण्याचा थेंब चालत नाही, पातळ चॉकलेटमध्ये थोडंसं पाणी गेलं की साखर ओली होऊन गोळा होते आणि सगळं रवाळ घट्ट बसतं. माझ्या वरवंट्याला बाहेरून चिखलाचा थर आला. मुलगा म्हणाला हा खरा वाटतोय, नुकताच शेतात सापडल्यासारखा.

मग सिलिकॉन. त्यातही खाण्याचं ते प्लॅटिनमवालं घ्यायचं, दुसरं कथलाचं रसायन घालून घट्ट होतं ते खाण्याच्या वस्तूंना घ्यायचं नाही. हे प्लॅटिनमवालं महाग, मला किलोला दोन हजारांच्या आसपास पडलं, म्हणून आधी वरवंट्याचं आकारमान काढलं, आठवीत शिकवलेल्या पद्धतीने, काठोकाठ भरलेल्या पातेल्यात बुडवून बाहेर सांडलेलं पाणी मोजलं. ७२० मिली. मग त्याच्याभोवती सगळीकडून जेमतेम एक सेंटीमीटर जागा सुटेल असा पुठ्ठ्याचा खोका केला, आतून पॅकिंगची टेप लावली, कोपऱ्यांना ग्लू गन. हिशोबाने सव्वा किलोच्या थोडं वर सिलिकॉन लागणार होतं. दीड किलो मागवलं, स्वतःवर खूश झाले.

वरवंटा दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये जाड, त्यामुळे साचा दोन भागांचा हवा. पद्धत अशी की खोक्यात मातीची गादी करायची, त्यात वरवंटा बरोब्बर अर्धा बुडेल असा बसवायचा, मातीत चार कोपऱ्यांत गोट्या दाबून खड्डे करायचे म्हणजे नंतर दोन भाग एकमेकांत चपखल बसतात, आणि वरच्या अर्ध्यावर सिलिकॉन ओतायचं. मी मुलाची रंगीत क्ले घेतली, घरात ढीगभर होती. केमिस्टकडचे रबराचे हातमोजे घातले कारण मला वाटलं स्वच्छता. सिलिकॉनचे दोन घटक वजनाने सारखे घेतले, हलक्या हाताने मिसळले, उंचावरून बारीक धारेने एका कोपऱ्यात ओतत राहिले म्हणजे बुडबुडे धारेतच फुटतात, सगळं व्हिडिओत दाखवतात तसं.

सकाळी वर मस्त घट्ट. उलटं केलं आणि क्लेला लागलेला सगळा भाग चिकट, मधासारखा, बोटाला तार येतेय. दुसऱ्या दिवशीही तसाच, तिसऱ्या दिवशीही. सिलिकॉनवाल्याला फोन केला तर तो पहिला प्रश्न काय विचारतो, 'मॅडम क्ले कुठली घेतली?' काही क्लेंमध्ये गंधक असतं आणि गंधक लागलं की हे प्लॅटिनमवालं सिलिकॉन तिथे घट्टच होत नाही, कधीच नाही. लॅटेक्सच्या हातमोज्यांचंही तेच. म्हणजे मी दोन्ही बाजूंनी बरोबर चुकले होते. तेराशे रुपयांचं चिकट काहीतरी वर्तमानपत्रात गुंडाळून टाकलं, नवऱ्याला सहाशे सांगितले.

दुसऱ्या खेपेला शाडू आणली. गणपतीत मुलाच्या वर्कशॉपची उरलेली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत दगड झालेली, भिजवून मळली आणि काय सुरेख गादी झाली तिची. आपल्याकडे इतके साचे आहेत आणि मी परदेशी व्हिडिओ बघत बसले याची तेव्हा जरा लाजच वाटली. पाडवा जवळ आलेला, पेठेत दुकानांवर साखरेच्या गाठी लटकलेल्या, त्या गाठीही साच्यातूनच निघतात, लाकडी दोन फळ्या, मध्ये दोरा, वरून पाक. आजी पेढ्यांवर ठसा मारायची तोही लाकडी. साच्यातली वस्तू म्हटलं की आपण नाक मुरडतो, 'साचेबद्ध' ही तर सरळ शिवीच, पण ते ठसे कोरणाऱ्याने उलटं कोरलेलं असतं. उंच दिसायला हवं ते खोल कोरायचं, उजवं ते डावं. हे डोक्यात ठेवून लाकडात मोर काढणारा माणूस मला कुठल्याही शिल्पकारापेक्षा कमी वाटत नाही.

यावेळी पहिला अर्धा भाग नीट आला. माती काढली, वरवंटा त्या अर्ध्यातच ठेवून उलटा केला, सिलिकॉनला व्हॅसलीन फासलं (सिलिकॉनला फक्त सिलिकॉनच चिकटतं, हे विसरलात की दोन भागांऐवजी एक ठोकळा मिळतो) आणि दुसरा अर्धा ओतला. सकाळी सहा वाजता, घर झोपलेलं असताना, खोका फाडून दोन भाग अलग केले. वरवंटा बाहेर काढून ओट्यावर ठेवला आणि त्या दुधी रंगाच्या पोकळीत खिडकीचा उजेड पडला.

मी हा वरवंटा जन्मापासून बघतेय. काळा आहे, गुळगुळीत आहे, जड आहे, यापलीकडे मला त्याच्याबद्दल काही सांगता आलं नसतं. काळ्या दगडावर सावलीच दिसत नाही. पण पोकळीत सगळं दिसत होतं. टाकीचे ठिपके, म्हणजे पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की टाकी लावायला बाई यायची, दारात बसून छिन्नीने टकटक करत दगडाला पुन्हा खरखरीत करायची, ते ठिपके पोटाकडे झिजून गेलेले पण दोन्ही टोकांपाशी अजून होते, आणि साच्यात ते खड्डे म्हणून नाही तर मोहरीएवढे उंचवटे म्हणून उभे. एका जागी खापरी उडालेली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वरवंटा सरळ नव्हताच. एक टोक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट बारीक, आणि पोट एका बाजूला तिरकं घासलेलं.

मला वाटलं माझाच साचा वाकडा झाला. पट्टी घेऊन खरा वरवंटा मोजला, एका टोकाचा घेर १९, दुसऱ्याचा १६. आईला व्हिडिओ कॉल केला, साचा दाखवला. ती आधी म्हणाली हे काय दाखवतेस, जबडा आहे का कुणाचा. मग समजलं तेव्हा गप्प झाली, मग म्हणाली, 'अगं ती भिंत.'

चाळीतलं स्वयंपाकघर. पाटा कोपऱ्यात ठेवायचा, कारण दुसरीकडे जागा नाही. बसलं की डावं कोपर भिंतीला लागायचं, त्यामुळे डावा हात पूर्ण पुढे जायचा नाही, वरवंटा तिरका फिरवायला लागायचा, एका टोकावर जोर जास्त. आजीने तसं वाटलं, मग आईने तसं वाटलं. आई म्हणाली भिंतीला तिथे कोपराएवढा तेलकट डाग होता, दर दिवाळीला चुना मारला की महिनाभरात परत यायचा. ती चाळ पाडूनही आता पंधरा वर्षं झाली.

बहीण म्हणाली, ताई, तू चॉकलेटमध्ये सरळ करून टाक ना, फोटोत वाकडा दिसेल. करता आला असता. बारीक टोकाला मातीचा थर देऊन पुन्हा साचा काढायचा. मी तिला म्हटलं सिलिकॉन संपलं. संपलं होतंही, पण ते कारण नव्हतं.

पुढचं काम माझ्या रोजच्या सवयीचं, तरी फजिती झालीच. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं आणि आपल्याला हवा असतो पाचवा, जो खोलीच्या तापमानाला टणक राहतो, मोडला की टक आवाज येतो आणि साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडात, वितळतो. तो मिळवायला डार्क चॉकलेट आधी ४५ च्या पुढे न्यायचं, मग २७-२८ पर्यंत उतरवायचं, मग परत ३१-३२ वर आणायचं, याला टेम्परिंग म्हणतात, आणि नीट टेम्पर झालेलं चॉकलेट गोठताना किंचित आकसतं, म्हणून साच्यातून आपोआप सुटतं. कंपाउंड चॉकलेट घेतलं की ही कटकट नाही कारण त्यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल असतं, पण मग ते टाळूला चिकटून बसतं मेणासारखं. आजीच्या वरवंट्याला मेण नको.

पहिला मी अख्खा भरीव ओतला, जवळजवळ ९०० ग्रॅम. एवढा जाड गोळा बाहेरून गोठतो आणि आत गरमच राहतो, गोठताना स्वतःही उष्णता सोडतो, ती जाणार कुठे. मी घाबरून फ्रिजमध्ये टाकला. दोन तासांनी आतून कट्ट असा आवाज आला, स्वयंपाकघराच्या बाहेर ऐकू आला, आणि मधोमध तडा. बाहेर काढल्यावर आतला भाग पांढुरका, भुसभुशीत. तो आम्ही आठवडाभर दुधात घालून प्यायलो.

दुसरा पोकळ केला, पहाटे पाच वाजता, एसी २० वर लावून. साच्याचे दोन भाग रबर बँडांनी आवळले, टोकाला ठेवलेल्या भोकातून चॉकलेट ओतलं, सगळीकडून फिरवत राहिले, जास्तीचं परत ओतून काढलं, थांबले, परत ओतलं. असे तीन थर. हात भरून आले, आणि मला जाणवलं की मी साचा पुढे-मागे कलवतेय ते अगदी वाटताना कलवतात तसंच, फक्त हवेत. साचा उघडला. चॉकलेटला चकाकी येते ती साच्याच्या गुळगुळीत पृष्ठभागामुळे, पॉलिकार्बोनेटच्या साच्यातून आरशासारखं निघतं. इथे दगडाची कातडी उतरलेली, त्यामुळे अजिबात चकाकी नाही, मंद, काळपट, ठिपके ठिपके, उडालेल्या खापरीसकट. मी त्यावर कोरड्या ब्रशने कोको पावडर फिरवली फक्त. ओट्यावर दोन्ही शेजारी ठेवले तर नवऱ्याने नारळ फोडायला चुकीचा उचलला. उचलल्यावर त्याचा हात एकदम वर गेला, वजनच नाही म्हणून. नारळ वाचला, वरवंटाही वाचला.

बारशाच्या दिवशी माझी इच्छा होती की पाळण्याखालून हाच जावा. आईने साफ नाही म्हटलं. 'दगड कशाला घेतात माहितीये ना? दगडासारखं घट्ट राहावं बाळाने. विरघळणारी वस्तू माझ्या नातीच्या आधी पाळण्यात जाणार नाही.' यावर काय बोलणार. तर झबलं घालून दगड गेला, गोविंद झाला, गोपाळ झाला, मग बाळ गेलं, तिच्या आत्याने कानात कुर्रर्र केलं, पाठीवर बुक्के बसले, नाव ठेवलं गेलं. चॉकलेटचा वरवंटा घुगऱ्यांच्या पातेल्याशेजारी थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांवर पडून.

मग बहिणीच्या सासूबाई, ज्यांना मी तोपर्यंत जरा कडकच समजत होते, म्हणाल्या, 'अहो विहीणबाई, आता बाळ गेलंय ना आधी. आता यालाही फिरवा की, एवढी खपलीय ती मावशी.' आईचा नाइलाज झाला. टोपडं एकच होतं, ते दगडाचं काढून चॉकलेटला घातलं. पाच बायका, हॉलमध्ये पन्नास माणसं, पंखे पाच वर, बाहेर ३७ अंश. पहिल्या दोघींनी नीट दिला-घेतला. तिसरीने, आमच्या मामींनी, दोन्ही तळव्यांत घट्ट धरला कारण त्यांना वाटलं पडेल, आणि तळवा तर ३४ च्या आसपास असतोच. चौथीच्या हातात गेला तेव्हा मामींच्या दोन्ही हातांवर टाकीचे ठिपके उमटलेले आणि झबल्यावर दहा बोटं. कोणीतरी ओरडलं, 'गोविंदाने शी केली!' मला परत बाहेर जावं लागलं, यावेळी माझी मीच गेले.

जेवणं झाल्यावर तो फोडायची वेळ आली. मी सुरी शोधत होते, आईने पदर खोचला, परातीत ठेवला त्याला, आणि दगडी वरवंटा उचलून त्याच्या पोटावर एक घाव घातला. काही विचार नाही, काही नाही, जशी गुळाची ढेप फोडते तशी. मला म्हणाली, पोकळ केलास होय, मला वाटलं भरीव असेल. पोरांनी तुकडे पळवले. एक तुकडा बहिणीच्या सासूबाईंनी तोंडात टाकला आणि खूप वेळ तशाच बसून राहिल्या, मग मला बाजूला घेऊन विचारलं, याला लसणीचा वास येतोय की मलाच वाटतंय?

साचा आता आईकडे आहे. मी आणला नाही, तिनेच ठेवून घेतला, मला वाटलं आठवण म्हणून. परवा गेले तर पन्हं केलं होतं, आणि मधे मोठ्या पातेल्यात एक बर्फाचा वरवंटा तरंगत होता. म्हणे एवढा मोठा बर्फ लवकर विरघळत नाही, पाहुणे येणार आहेत, बरा पडतो. आम्ही दोघी बघत बसलो थोडा वेळ. बारीक टोक आधी गेलं.